लीझ माइटनर : अणुविखंडनाचा हिशेब जुळवणाऱ्या शास्त्रज्ञ

रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात केंद्रकीय विखंडनाचे एक समीकरण असते. युरेनियम-२३५ च्या केंद्रकावर एक न्यूट्रॉन आदळतो आणि त्यातून बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ व तीन न्यूट्रॉन निर्माण होतात. समीकरण संतुलित आहे की नाही, हे पाहण्यासाठी विद्यार्थी दोन बेरजा करतात. पहिली वस्तुमानांकांची : डावीकडे २३५ आणि १ मिळून २३६, उजवीकडे १४१, ९२ आणि ३ मिळून पुन्हा २३६. दुसरी अणुअंकांची, म्हणजे केंद्रकातील धनप्रभाराची : डावीकडे ९२, उजवीकडे बेरियमचे ५६ आणि क्रिप्टॉनचे ३६ मिळून ९२. दोन्ही बेरजा जुळल्या की प्रश्न सुटला.

दोन मिनिटांत सुटणारा हा प्रश्न १९३४ ते १९३८ अशी चार वर्षे रोम, पॅरिस आणि बर्लिन येथील श्रेष्ठ संशोधकांना सुटला नव्हता. १९३८ च्या नाताळात स्वीडनमधील एका लहानशा गावी त्याचे उत्तर मिळाले. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक होत्या लीझ माइटनर. त्या वेळी त्यांचे वय साठ वर्षांचे होते. देश सुटलेला, प्रयोगशाळा गेलेली आणि जवळ स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नाही, अशा अवस्थेत त्यांनी हा हिशेब मांडला. विज्ञानाच्या इतिहासात मात्र त्यांच्या स्वतःच्या नावाची नोंद दीर्घकाळ अपुरीच राहिली.

व्हिएन्नातील शिक्षण

लीझ माइटनर यांचा जन्म नोव्हेंबर १८७८ मध्ये ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील फिलिप माइटनर हे वकील होते. आठ भावंडांत लीझ तिसऱ्या. घरात संगीत, वाचन आणि मोकळी चर्चा यांचे वातावरण होते. परंतु घराबाहेर मुलींच्या शिक्षणाला मर्यादा होत्या. व्हिएन्नात मुलींचे सरकारी शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे आणि विद्यापीठाचे दार त्यांना बंद होते.

१८९७ मध्ये ऑस्ट्रियातील विद्यापीठांनी स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली. तोपर्यंत लीझ यांनी फ्रेंच भाषेच्या शिक्षिकेची पात्रता मिळवली होती. शाळेतील राहून गेलेल्या अनेक वर्षांचा अभ्यास त्यांनी खासगी शिकवणीच्या आधारे थोडक्या काळात पूर्ण केला आणि १९०१ मध्ये प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन त्या व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाल्या. तेथे त्यांना लुडविग बोल्ट्झमान यांच्यासारखे गुरू लाभले. अणूंच्या अस्तित्वाविषयी अनेक शास्त्रज्ञ साशंक असताना बोल्ट्झमान अणुवादाची बाजू हिरिरीने मांडत होते. त्यांच्या व्याख्यानांनी लीझ यांच्या आयुष्याची दिशा निश्चित केली. १९०६ मध्ये त्यांना भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना विद्यापीठातून या विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत्या.

तळघरातील प्रयोगशाळा

१९०७ मध्ये त्या मॅक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी बर्लिनला गेल्या. थोडे दिवस राहण्याच्या बेताने गेलेल्या लीझ पुढे एकतीस वर्षे तेथे राहिल्या. त्याच वर्षी त्यांची ऑटो हान या तरुण रसायनशास्त्रज्ञाशी ओळख झाली. हान यांना किरणोत्सारी पदार्थांच्या अभ्यासासाठी भौतिकशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याची गरज होती. अडचण एवढीच होती, की हान जेथे काम करत, त्या एमिल फिशर यांच्या रसायनसंस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता.

अखेर एक तोडगा निघाला. तळघरात पूर्वी सुतारकामासाठी वापरली जाणारी एक खोली होती. तिला बाहेरून स्वतंत्र दार होते. माइटनर यांनी त्याच दाराने यावे, त्याच खोलीत काम करावे आणि वरच्या मजल्यावर पाऊल ठेवू नये, अशी अट घालण्यात आली. संस्थेत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसल्याने त्यांना जवळच्या उपाहारगृहात जावे लागे. १९०८ मध्ये प्रशियाने विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश दिल्यानंतर हे निर्बंध उठले. मात्र वेतन त्यानंतरही काही वर्षे मिळाले नाही. वडिलांकडून येणाऱ्या मोजक्या पैशांवर त्यांचे दिवस चालले.

१९१२ मध्ये बर्लिनजवळील डालेम येथे कैसर विल्हेल्म रसायनसंस्था सुरू झाली आणि हान व माइटनर तेथे गेले. पहिल्या महायुद्धात माइटनर यांनी काही काळ ऑस्ट्रियन सैन्याच्या रुग्णालयांत क्ष-किरण परिचारिका म्हणून काम केले. परतल्यावर हान सैन्यात असताना त्यांनी प्रयोगांचा मोठा भार एकटीने उचलला. त्यातून १९१८ मध्ये ९१ व्या मूलद्रव्याचा, म्हणजे प्रोटॅक्टिनियमचा, दीर्घायुषी समस्थानिक दोघांच्या नावे जाहीर झाला. याच सुमारास संस्थेच्या भौतिकशास्त्र विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९२६ मध्ये त्यांना बर्लिन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. जर्मनीत भौतिकशास्त्राची प्राध्यापक होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या.

चार वर्षांचा चकवा

१९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लागला. न्यूट्रॉनवर विद्युतप्रभार नसल्याने तो धनप्रभारित केंद्रकात सहज शिरू शकतो. इटलीतील एन्रिको फर्मी यांनी १९३४ मध्ये एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनांचा मारा केला. युरेनियमवर मारा केला असता काही नवे किरणोत्सारी पदार्थ मिळाले. युरेनियमचे केंद्रक न्यूट्रॉन गिळते, नंतर इलेक्ट्रॉन बाहेर टाकते आणि त्याचा अणुअंक ९२ वरून ९३ होतो, असा अर्थ त्यातून काढण्यात आला. युरेनियमच्या पलीकडची नवी मूलद्रव्ये हाती आली, असे सर्वांना वाटले.

या प्रश्नाने माइटनर यांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी हान यांना पुन्हा एकत्र काम करण्यास राजी केले. पुढे फ्रिट्झ श्ट्रासमान हे विश्लेषणात निष्णात असलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. तिघांनी मिळून ९३ पासून पुढच्या मूलद्रव्यांच्या लांबलचक मालिका मांडल्या. त्या सर्व चुकीच्या होत्या.

चूक दोन गृहीतकांत होती. त्या काळच्या आवर्तसारणीत युरेनियमला टंगस्टनच्या खाली जागा दिलेली होती. त्यामुळे ९३ वे मूलद्रव्य रासायनिकदृष्ट्या ऱ्हीनियमसारखे असेल, अशी अपेक्षा होती आणि तसे वागणारे पदार्थ खरोखर सापडतही होते. दुसरे गृहीतक भौतिकशास्त्राचे होते. तोवर माहीत असलेल्या प्रत्येक केंद्रकीय अभिक्रियेत केंद्रकातून एखादा छोटा कण बाहेर पडे. अणुअंक एक-दोन घरे पुढे-मागे सरके. जड केंद्रक मधोमध दुभंगेल, ही कल्पना कोणी गांभीर्याने घेतली नव्हती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ इडा नोडाक यांनी १९३४ मध्येच तशी शक्यता छापून मांडली होती; पण तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. माइटनर यांनीही नाही.

देशत्याग

या काळात जर्मनीतील हवा बदलली होती. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना दूर करण्यास सुरुवात झाली. माइटनर यांनी १९०८ मध्येच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पण नव्या कायद्याच्या लेखी जन्म महत्त्वाचा होता. त्यांचा विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. ऑस्ट्रियाचे नागरिकत्व आणि कैसर विल्हेल्म संस्थेचे वेगळे स्थान यांमुळे प्रयोगशाळा तेवढी शाबूत राहिली. अनेक सहकारी देश सोडून गेले, त्या मात्र थांबल्या. तेव्हाच निघून न जाणे ही आपली चूक होती, हे त्यांनी पुढे स्वतः मान्य केले.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केला. एका दिवसात माइटनर यांचा पासपोर्ट निरुपयोगी झाला. शास्त्रज्ञांना देशाबाहेर जाऊ न देण्याचे धोरण येऊ घातल्याची बातमीही त्यांच्या कानावर आली. मग डच भौतिकशास्त्रज्ञ डिर्क कोस्टर बर्लिनला आले आणि १३ जुलै १९३८ रोजी त्यांच्या सोबतीने माइटनर आगगाडीने निघाल्या. आदल्या दिवशी त्यांनी संस्थेत नेहमीसारखे उशिरापर्यंत काम केले होते, कारण कोणाला संशय येऊन चालणार नव्हते. जवळ दोन लहान बॅगा आणि दहा मार्क होते. सीमेवर गरज पडली तर उपयोगी यावी म्हणून हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली होती. ती वापरण्याची वेळ आली नाही. त्या हॉलंडमध्ये पोहोचल्या. तेथून डेन्मार्कमार्गे स्वीडनला गेल्या. स्टॉकहोम येथे मान्ने सीगबान यांच्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. परंतु उपकरणे, सहकारी आणि पुरेसे वेतन यांपैकी काहीच मिळाले नाही.

जुळणारे, तरीही चुकीचे

बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान यांनी काम चालू ठेवले होते. माइटनर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सतत सुरू होता. १९३८ च्या शरद ऋतूत त्यांना युरेनियममध्ये रेडियमसारखे वागणारे पदार्थ आढळले. रेडियमचा अणुअंक ८८ आहे. युरेनियमने एक न्यूट्रॉन घेऊन पाठोपाठ दोन अल्फा कण बाहेर टाकले असावेत, असा त्यांनी तर्क केला. अल्फा कणाचा वस्तुमानांक ४ आणि प्रभार २ असतो. हिशेब करून पाहिला तर तो जुळतो : २३८ आणि १ मिळून २३९, २३१, ४ आणि ४ मिळूनही २३९. प्रभाराची बेरीजही ८८, २ आणि २ मिळून ९२. कागदावरचे समीकरण निर्दोष होते.

माइटनर यांना ते पटले नाही. १३ नोव्हेंबर १९३८ रोजी कोपनहेगन येथे हान यांच्याशी झालेल्या भेटीत त्यांनी जोरदार हरकत घेतली. मंदगती न्यूट्रॉनकडे जेमतेम ऊर्जा असते. तेवढ्याने युरेनियममधून दोन अल्फा कण उखडले जाणे त्यांना अशक्य वाटत होते. दोन्ही बेरजा जुळल्या, तरी ऊर्जेचा तिसरा हिशेब जुळत नव्हता. रेडियमची पुन्हा कसून तपासणी करावी, असा आग्रह त्यांनी धरला. या आग्रहामुळेच निर्णायक प्रयोग हाती घेतले गेले, असे श्ट्रासमान यांनी पुढे नमूद केले आहे.

रेडियम आणि बेरियम हे आवर्तसारणीत एकाच गटात येतात. त्यामुळे अत्यल्प रेडियम वेगळे काढायचे असेल, तर द्रावणात बेरियम मिसळून दोन्ही एकत्र खाली बसवतात आणि नंतर पुन्हा पुन्हा स्फटिक बनवून एकमेकांपासून वेगळे करतात. हान आणि श्ट्रासमान यांनी डिसेंबरच्या मध्यावर हीच कृती केली. खात्रीसाठी त्यांनी द्रावणात ओळखीचे खरे रेडियमही मिसळले. खरे रेडियम अपेक्षेप्रमाणे बेरियमपासून वेगळे झाले. युरेनियमपासून मिळालेले रेडियम मात्र काही केल्या वेगळे होईना. ते बेरियमच होते.

१९ डिसेंबर रोजी हान यांनी ही विलक्षण गोष्ट माइटनर यांना पत्राने कळवली आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तिचा अर्थ काय असू शकेल, अशी विचारणा केली. माइटनर यांनी दोनच दिवसांत उत्तर पाठवले. निष्कर्ष चक्रावून टाकणारा असला, तरी तो अशक्य म्हणून बाजूला सारता येणार नाही, असे त्यांचे मत होते.

बर्फातील बेरीज

नाताळाच्या सुटीत माइटनर स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या कुंगेल्व या गावी स्नेह्यांकडे गेल्या. त्यांचा भाचा ऑटो रॉबर्ट फ्रिश हा कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्या संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होता. तोही तेथे आला. दोघांच्या मनावर घरच्या काळजीचे ओझे होते. फ्रिश यांचे वडील त्या वेळी दाखाऊच्या छळछावणीत होते. मावशीने मात्र भाच्याला आधी हान यांचे पत्र वाचायला लावले.

दोघे बर्फात फिरायला बाहेर पडले. फ्रिश यांच्या पायांत स्की होत्या, माइटनर पायीच चालत होत्या. केंद्रक हा दगडासारखा घट्ट गोळा नसून द्रवाच्या थेंबासारखा असतो, ही कल्पना बोर यांनी पुढे नेली होती. थेंबाला पृष्ठताण एकसंध ठेवतो. केंद्रकात मात्र धनप्रभारित प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात आणि या पृष्ठताणाच्या विरुद्ध काम करतात. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन असल्याने दोन्ही बलांत जेमतेम समतोल उरतो. अशा थेंबाला न्यूट्रॉनचा एखादा धक्का बसला, की तो लांबट होईल, मधोमध आवळला जाईल आणि त्याचे दोन थेंब होतील. म्हणजे युरेनियममधून लहान कण उखडण्याची गरजच नव्हती. ते आपोआप दुभंगू शकत होते.

वाटेतील एका आडव्या पडलेल्या झाडाच्या खोडावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर हिशेब मांडला. दोन तुकडे परस्परांच्या प्रभारामुळे प्रचंड वेगाने दूर फेकले जातील आणि त्यांची ऊर्जा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल, असे गणित निघाले. ही ऊर्जा येणार कोठून? केंद्रकांची वस्तुमाने काढण्याचे सूत्र माइटनर यांना पाठ होते. दोन्ही तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एक-पंचमांशाने कमी भरत होते. वस्तुमान आणि ऊर्जा यांचे नाते सांगणारे आइन्स्टाइन यांचे व्याख्यान त्यांनी १९०९ मध्ये साल्झबुर्ग येथे ऐकले होते. त्या सूत्रात हे घटलेले वस्तुमान घातले, तेव्हा उत्तर पुन्हा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच आले. तिसरा हिशेबही जुळला होता. कोळशातील कार्बनचा एक अणू जळताना सुमारे ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते. ही ऊर्जा त्याच्या सुमारे पाच कोटी पट होती.

दुसरा तुकडा कोणता, याचा निर्णयही याच विचारातून झाला. हान आणि श्ट्रासमान यांचा शोधनिबंध ६ जानेवारी १९३९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी बेरियमचा १३८ आणि ४३ व्या मूलद्रव्याचा १०१ हे वस्तुमानांक मिळवून २३९ ही बेरीज दाखवली होती. वस्तुमानांक जुळत होते. परंतु प्रभार जुळत नव्हता. बेरियमचे ५६ आणि या मूलद्रव्याचे ४३ मिळून ९९ होतात आणि युरेनियमकडे ९२ च आहेत. दुभंगताना वाटणी होते ती प्रभाराची, हे माइटनर आणि फ्रिश यांनी ओळखले. ९२ मधून ५६ वजा केले की ३६ उरतात आणि ३६ वे मूलद्रव्य म्हणजे क्रिप्टॉन. आज विद्यार्थी करतात ती वजाबाकी ही अशी.

या एका दुरुस्तीने चार वर्षांची अडगळ दूर झाली. जड केंद्रकात प्रोटॉनच्या मानाने न्यूट्रॉनांचे प्रमाण जास्त असते. ते दुभंगल्यावर दोन्ही तुकड्यांकडे गरजेपेक्षा जास्त न्यूट्रॉन येतात. ते तुकडे एकामागून एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकत स्थिर होत जातात आणि प्रत्येक वेळी अणुअंक एकाने वाढतो. बेरियम-१४१ चे लँथॅनम, त्याचे सिरियम आणि शेवटी स्थिर प्रॅसिओडिमियम होते. युरेनियमपलीकडची मूलद्रव्ये म्हणून ज्या मालिका मांडल्या गेल्या होत्या, त्या बहुतांशी अशाच तुकड्यांच्या मालिका होत्या. माइटनर यांच्यासाठी हा आनंदाबरोबर खेदाचाही क्षण होता, कारण आपलेच चार वर्षांचे काम त्या खोडून काढत होत्या.

फ्रिश कोपनहेगनला परतले. ही कल्पना ऐकताच बोर यांना ती तत्काळ पटली. १३ जानेवारी रोजी फ्रिश यांनी प्रयोगाने या वेगवान तुकड्यांची प्रत्यक्ष नोंद घेतली. सजीव पेशीच्या विभाजनासाठी जीवशास्त्रज्ञ जो शब्द वापरतात, तोच फ्रिश यांनी या घटनेला दिला. मावशी-भाच्याने दूरध्वनीवर बोलत सिद्ध केलेला शोधनिबंध ११ फेब्रुवारी १९३९ रोजी नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मंद न्यूट्रॉनांनी दुभंगणारा समस्थानिक युरेनियम-२३५ हा आहे, हे बोर यांनी त्यानंतर दाखवून दिले. नैसर्गिक युरेनियममध्ये त्याचे प्रमाण अवघे ०.७ टक्के असते. प्रत्येक विखंडनात नवे न्यूट्रॉन सुटतात, हेही काही महिन्यांत सिद्ध झाले आणि समीकरणाची उजवी बाजू पूर्ण झाली. याच न्यूट्रॉनांमुळे साखळी अभिक्रिया शक्य होते. अणुभट्टीही आणि बॉम्बही.

राहून गेलेली नोंद

बर्लिनच्या शोधनिबंधावर माइटनर यांचे नाव नव्हते. नाझी राजवटीत देशाबाहेर गेलेल्या ज्यू सहकारिणीचे नाव छापणे हान यांना धोक्याचे होते, हे उघड आहे. परंतु काळ बदलल्यावरही ही त्रुटी भरून निघाली नाही. विखंडन हा निखळ रसायनशास्त्राचा शोध आहे, अशी भूमिका हान यांनी घेतली. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकट्याला देण्यात आले. त्याची घोषणा नोव्हेंबर १९४५ मध्ये झाली.

बेरियमचा शोध हे अव्वल दर्जाचे काम होते आणि हान यांच्या पारितोषिकाविषयी माइटनर यांनी कधी शंका घेतली नाही. प्रश्न समीकरणाच्या दुसऱ्या बाजूचा होता. बेरियम सापडणे आणि बेरियम का सापडले हे कळणे, या दोन गोष्टी मिळून विखंडनाचा शोध पूर्ण होतो. संशोधनाला प्रारंभ माइटनर यांनी करून दिला होता, निर्णायक तपासणीचा आग्रह त्यांचा होता आणि अर्थही त्यांनी व फ्रिश यांनी लावला होता. श्ट्रासमान यांनी तर या गटाच्या बौद्धिक नेत्या माइटनर याच होत्या, असे पुढे स्पष्टपणे सांगितले. नोबेल समित्यांची जुनी कागदपत्रे नंतर खुली झाली, तेव्हा माइटनर यांचे नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवले गेल्याचे दिसून आले. पारितोषिक मात्र एकदाही मिळाले नाही. म्युनिकच्या जर्मन विज्ञान संग्रहालयात विखंडनाच्या प्रयोगाचे टेबल अनेक वर्षे हान यांच्या नावाने मांडलेले होते.

बॉम्बला नकार

१९४३ मध्ये माइटनर यांना लॉस अलामोस येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांसोबत काम करण्याचे निमंत्रण मिळाले. स्टॉकहोममधील उपेक्षेतून सुटण्याची ती संधी होती. बॉम्बच्या कामात सहभागी व्हायचे नाही, असे ठरवून त्यांनी ती नाकारली. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर युरेनियमचा बॉम्ब पडला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे जनकत्व मात्र त्यांच्याच माथी मारले. याचे त्यांना अखेरपर्यंत दुःख राहिले. युद्ध संपल्यावर, नाझी काळात जर्मनीत राहिलेल्या शास्त्रज्ञांनी आपल्या मौनाचा जाब स्वतःलाच विचारावा, असे त्यांनी हान यांना पत्रातून कळवले होते. तरीही दोघांची मैत्री तुटली नाही.

१९४९ मध्ये त्यांना हान यांच्यासोबत मॅक्स प्लांक पदक मिळाले. १९६६ मध्ये अमेरिकेचा एन्रिको फर्मी पुरस्कार हान, माइटनर आणि श्ट्रासमान या तिघांना एकत्रितपणे देण्यात आला. १९६० मध्ये त्या फ्रिश यांच्याजवळ राहण्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिज येथे गेल्या. जुलै १९६८ मध्ये हान यांचे निधन झाले. प्रकृती खालावलेल्या माइटनर यांना घरच्यांनी ते कळू दिले नाही. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदाव्या वाढदिवसाला काही दिवस उरले असताना, त्यांचेही निधन झाले. हॅम्पशायरमधील ब्रॅमली या खेड्यात, धाकट्या भावाच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. तेथील शिळेवर फ्रिश यांनी त्यांच्या भौतिकशास्त्राबरोबर त्यांच्या माणुसकीचीही नोंद केली आहे.

त्यांच्या निधनानंतर वर्षभराने, १९६९ मध्ये, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तारापूर येथे भारतातील पहिल्या अणुवीज केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली. त्या अणुभट्ट्यांतील प्रत्येक विखंडनाचा हिशेबही कुंगेल्वच्या बर्फात मांडलेल्या हिशेबासारखाच होता.

आवर्तसारणीतील जागा

१९८२ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे शास्त्रज्ञांनी बिस्मथ-२०९ वर लोह-५८ च्या केंद्रकांचा मारा केला आणि एका नव्या मूलद्रव्याचा एकच अणू त्यांच्या हाती लागला. बिस्मथचा अणुअंक ८३ आणि लोहाचा २६; बेरीज १०९. वस्तुमानांक २०९ आणि ५८ मिळून २६७. एक न्यूट्रॉन बाहेर पडला आणि २६६ उरले. १९९७ मध्ये या १०९ व्या मूलद्रव्याचे अधिकृत नाव ठरले : माइटनेरियम. हान यांचे नाव १०५ व्या मूलद्रव्यासाठी सुचवले गेले होते. ते त्याच वेळी मागे पडले. बर्लिनमधील ज्या इमारतीत विखंडनाचे प्रयोग झाले होते, तिला १९५६ पासून हान यांचे नाव होते. २०१० मध्ये त्या नावाला माइटनर यांचे नाव जोडण्यात आले.

विखंडनाचे समीकरण सोडवताना विद्यार्थ्याला बेरियम दिलेले असते आणि क्रिप्टॉन त्याला शोधायचे असते. माइटनर यांनी तेच केले होते. त्यांच्या वाट्याचे श्रेय समीकरणाच्या योग्य बाजूला लिहिले जाण्यास मात्र पन्नासहून अधिक वर्षे लागली.